सतरा इंची सोंग

हा लेख टायरवर आहे. शीर्षक वाचून नाटकाबद्दल काही असेल असं वाटून कुणी इथवर आलं असेल, तर माफ करा. पण आलाच आहात तर पान उलटू नका. मेसमध्ये पोळ्यांची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं!

आमच्या बी विंगमध्ये जवळजवळ प्रत्येक खोलीत गाडीचं एक तरी पोस्टर आहे. नीट बघा, प्रत्येक पोस्टरमधली गाडी तिरकी उभी असते आणि पुढची चाकं वळवलेली असतात. का? तर मॅगव्हील दिसावीत म्हणून. चाक भलंमोठं, आणि त्याभोवती टायर काजळाच्या रेघेएवढा. पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजता आम्ही ज्या विषयांवर तावातावाने बोलतो, त्यात 'सोळा इंची की सतरा इंची' हा विषय बराच वरचा. मीही त्यात पुढे असायचो. 'असायचो' का म्हणतो, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मी मोखाडा तालुक्यातला. पण ओळख करून देताना जव्हारचं नाव सांगतो. जव्हार म्हटलं की लोकांना राजवाडा आठवतो, दाभोसाचा धबधबा आठवतो. मोखाडा म्हटलं की, 'ते कुठे आलं?' पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. म्हणजे 'ठाण्याचा' म्हटल्यावर लोक मला लोकल ट्रेनबद्दल विचारायचे, आणि आमच्याकडे तर दिवसातून मोजून काही एसट्या!

आमचा भाग डोंगराचा. जव्हारच समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि तो सगळा चार महिन्यांत उरकायचा. त्यामुळे जुलैमध्ये रस्ता आणि ओहोळ यांत फार फरक राहत नाही. वळणावर वरच्या शेतातून लाल माती वाहून येते आणि डांबरावर तिचा पातळ थर बसतो. नवख्या माणसाला तो दिसतसुद्धा नाही.

या रस्त्यावर माझे बाबा पंचवीस वर्षं जीप चालवतात. पॅसेंजरची जीप. आत किती माणसं बसतात हा आकडा मी इथे लिहीत नाही, हे मासिक कुणाच्याही हातात पडू शकतं. बाबा सातवी शिकलेले. पण दरवर्षी शेतात राब भाजून झाले की आवणीच्या आधी त्यांचं एक काम ठरलेलं असतं, टायर बघायचे. चारही चाकं उतरवून अंगणात मांडायची, नक्षीत अडकलेले खडे खिळ्याने काढायचे, अंगठ्याने रबर दाबायचं, आतल्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवायचा. गोटा झालेला टायर असेल तर घरात दुसरं काहीही थांबेल, आईची साडी थांबेल, माझी फी थांबेल, पण टायर यायचाच. मला लहानपणी याचा राग यायचा. शाळेचे बूट फाटलेले, आणि जीपला नवे बूट!

आता दादाबद्दल. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बोईसरला कंपनीत कामाला. चार वर्षं पैसे साठवून त्याने सेकंडहँड स्विफ्ट घेतली. आमच्या घराण्यातली पहिली कार! नारळ फुटले, पेढे वाटले. गाडीला कंपनीचे साधे १६५/८० आर १४ मापाचे टायर होते, लोखंडी डिस्कवर प्लॅस्टिकच्या कॅप. दादाला ते काही पटेना. "गाडी पळते मस्त, पण दिसते मामलेदाराची," तो म्हणाला. त्याला हवी होती सतरा इंची मॅगव्हील आणि २०५/४५ चे टायर. बोईसरला एका मुलाकडे सेट होता, चाकं टायरसकट साठ हजार. दादाने मला फोन केला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? बसतील का, ते सांग. तू हो म्हणालास तर घेतो."

काय सांगू मित्रांनो! तीन वर्षांत मला कुणी इंजिनिअर म्हणून पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी लगेच जर्नलचं कोरं पान फाडलं आणि गणित मांडलं. तुम्हालाही सांगतो, सोपं आहे. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. जुना टायर : १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, वरची-खालची भिंत मिळून २६४, त्यात १४ इंचांचे ३५६. एकूण ६२०. नवा टायर : २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२, वर-खाली मिळून १८४, त्यात १७ इंचांचे ४३२. एकूण ६१६. फरक फक्त चार मिलिमीटर! स्पीडोमीटरमध्ये फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पडेल.

घसरण्याचं काय, तेही मी तपासलं. पाण्यावरून टायर तरंगायला लागतो तो वेग काढायचं एक सूत्र आहे. नासामध्ये वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग केले, त्यातून ते आलं. पीएसआयमधला हवेचा दाब घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १६.६ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. ३० पीएसआयला उत्तर येतं ९१. आमच्या घाटात चाळीसच्या वर कोण जातं? म्हणजे प्रश्नच मिटला! मी दादाला फोन केला, "बिनधास्त घे."

याच सुमारास आमचा एक सिनियर, जो एम.एस.साठी जर्मनीत आहे, त्याच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. तो गाडीचे हिवाळी टायर काढून उन्हाळी लावायच्या तयारीत होता. तिकडे तापमान सात अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर. ऑक्टोबर ते ईस्टर, असा त्यांचा ढोबळ हिशोब. बर्फाळ रस्त्यावर ते टायर तिथे २०१० पासून कायद्यानेच सक्तीचे आहेत. मी त्याला दादाच्या सतरा इंची चाकांचं कौतुक सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, इथे बरेच जण हिवाळ्यात उलट करतात. डिस्क एक-दोन इंचाने लहान, टायर अरुंद आणि भिंत उंच. अरुंद टायर बर्फात रुतून खाली पकड घेतो. आणि खड्ड्यात आपटलं तर रबर मार खातं, डिस्क नाही." मी हसलो. म्हटलं, "तुमच्याकडे बर्फ आहे बाबा, आमच्या मोखाड्यात कुठला बर्फ?"

फाल्गुनात मोखाड्याचा बोहाडा असतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात, आणि पंचक्रोशी लोटते. दादाने गाडी बाजारपेठेत अशी लावली की पुढची चाकं वळवलेली. अगदी पोस्टरसारखी! पोरं सोंगं सोडून चाकं बघत होती. बाबाही आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली बसले, टायर आणि डिस्कच्या मधल्या जागेवर दोन बोटं ठेवून बघितली आणि म्हणाले, "सोंग झ्याक हाय. पण बोहाडा झाला की सोंग उतरवून ठेवतात, पोरा. पावसाआधी उतरव."

दादा माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, "बाबा, मी गणित केलंय. व्यास तोच आहे." बाबा काही बोलले नाहीत. मुलगा इंजिनिअरिंगला आहे म्हटल्यावर आपल्याकडची माणसं पटकन गप्प बसतात. हा मान असतो की आपली हार, कोण जाणे. त्या दिवशी मला तो मान वाटला.

जुलैत मी सुट्टीला घरी होतो. वहिनी गावीच होत्या, दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, आणि दादा रजेवर आला होता. त्या रात्री अकराच्या सुमारास वहिनींना कळा सुरू झाल्या. पाऊस असा की अंगणातला दिवा दिसेना. मोबाईलला रेंज नाही, म्हणजे १०८ ला फोन करायचा तर दीड किलोमीटर टेकडीवर जावं लागणार. नाव नोंदवलेलं जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात. बाबा म्हणाले, "जीप काढतो." दादा म्हणाला, "काका, जीपचे धक्के तिला सोसायचे नाहीत. कार बरी." आणि त्याचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. वहिनी आणि काकू मागे, मी पुढे. बाबा म्हणाले, "व्हा पुढं, मी मागनं येतो."

मोखाडा मागे पडलं. दादा अगदी जपून चालवत होता, तीसच्या आसपास. माझ्या सूत्राप्रमाणे तरंगायचा काही प्रश्न नव्हता, आणि गाडी तरंगली नाहीच. एका उतारावर रस्ताभर पाणी होतं, सपाट आणि शांत. त्याखाली काय आहे ते दिसायला मार्ग नव्हता. डावं पुढचं चाक खाली गेलं. 'धाड' नाही, 'टण्ण' असा आवाज आला. लोखंडावर लोखंड मारल्यासारखा. पाठोपाठ मागच्या चाकाचा तसाच दुसरा आवाज. वहिनी ओरडल्या. गाडी डावीकडे ओढत थांबली.

खाली उतरून टॉर्च मारला. पुढच्या टायरची भिंत चार बोटं फाटलेली, मागच्या डिस्कची कड आत वाकलेली, आणि हवा दोन्हींतली गेलेली. स्टेपनी एकच. जुनी चौदा इंची. व्यास तोच असल्यामुळे ती बसली असती, माझं गणित तेवढं बरोबर होतं. पण चाकं दोन गेली होती. रात्रीचे पावणेबारा, मागे काकूंचा "बाई, दम धर" असा आवाज, आणि समोर मी. तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी. हातात पान्हा धरून उभा. मला आयुष्यात एवढं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

वीसेक मिनिटांनी घाटात पिवळा उजेड दिसला. बाबांची जीप. त्या वीस मिनिटांबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. बाबांनी काही विचारलं नाही. मधल्या सीटवर घरातून आणलेल्या दोन गोधड्या आणि उशा अंथरलेल्या होत्याच. म्हणजे त्यांनी निघतानाच काय ते ओळखलं होतं. वहिनींना आडवं केलं, दादा आणि काकू मागे बसले, मी बाबांशेजारी. पाणी दिसलं की बाबा जवळजवळ थांबायचे, पहिला गिअर टाकून चाक हळूच सोडायचे. जीप खड्ड्यात उतरायची आणि चढायची, धक्के बसायचे, पण तो 'टण्ण' आवाज एकदाही आला नाही. दीड वाजता आम्ही रुग्णालयात पोचलो. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

सकाळी पाऊस उघडला. रुग्णालयाबाहेर चहा पिताना मी बाबांच्या जीपचा टायर बघत होतो. त्यावर लिहिलं होतं ६.००-१६. म्हणजे डिस्क सोळा इंची! दादाच्या चाकापेक्षा एकच इंच लहान! मग फरक कुठे? फरक रबरात. सहा इंच रुंदीचा टायर, आणि भिंतही जवळजवळ तेवढीच उंच, दीडशे मिलिमीटरच्या आसपास. दादाच्या टायरची भिंत ९२. मूळच्या चौदा इंची टायरची १३२. म्हणजे माझ्या गणितात बाहेरचा व्यास तोच राहिला, पण खड्ड्याची कड आणि डिस्कची कड यांच्यामधलं चार सेंटीमीटर रबर मी काढून टाकलं होतं. जेमतेम दोन बोटं. बोहाड्यात बाबांनी तिथे ठेवलेली तीच दोन बोटं!

खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा टायरची भिंत दबून धक्का पोटात घेते. ती बुटकी असेल तर पूर्ण दबते, आणि कडक डिस्क व खड्ड्याची धार यांच्यामध्ये अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी सापडते. आतले धागे तुटतात. कधी लगेच फाटतो, कधी आठवड्याने भिंतीवर फुगा येतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऑटोमोबाईलच्या पेपरला 'लो प्रोफाईल टायरचे फायदे-तोटे' सात मार्कांना लिहून आलो होतो. तोट्यांत हा मुद्दा होता. पण प्रश्न सोडवताना मी फक्त दादाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दादाने विचारलं होतं, 'बसतील का?' बाबा दरवर्षी स्वतःला विचारतात, 'पोचवतील का?'

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हेही आपल्याकडे सगळे धरून चालतात. चाकावर साधारण २६० किलो भार आणि हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला २.१ किलो, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने सव्वाशे चौरस सेंटीमीटर. एका पोस्टकार्डाएवढा! दाब तोच ठेवला तर रुंद टायरने हे पोस्टकार्ड फारसं वाढत नाही, ते आडवं होतं. कोरड्या रस्त्यावर वळणात त्याचा फायदा होतो. पण पाण्यात आणि चिखलात अरुंद, उभं पोस्टकार्ड पाणी कापत जातं. सिनियर हेच सांगत होता. मी बर्फ शोधत बसलो. आमचा हिवाळा जूनमध्ये येतो, हे मला सुचलं नाही.

गाडी दोन दिवसांनी टेम्पोत घालून आणली. दादाने वाकलेली चाकं आणि चांगली चाकं मिळून मिळेल त्या भावाला विकली. अर्धेसुद्धा पैसे आले नाहीत. मग आम्ही तिघं बसलो. दादा, बाबा आणि मी. या वेळी प्रश्न बाबांनी विचारले, आणि मी गणित करून उत्तरं दिली. दादाचं मन पंधरा इंचीवर होतं, १८५/६५ आर १५. भिंत १२० मिमी, व्यास तोच, आणि ते मापही त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच दिलेलं. वाईट नव्हतं. पण चौदा इंची लोखंडी डिस्क घरात पडून होत्या. लोखंडी डिस्क वाकली तर पंक्चरवाला हातोड्याने सरळ करतो, मॅगव्हील तडकतं. शेवटी डिस्क जुन्याच, टायर मात्र चारही नवे कोरे, १६५/८०. वाचलेले पैसे बाळाच्या नावाने ठेवले.

या सगळ्यातून तुमच्यासाठी चार गोष्टी. यातल्या पहिल्या दोन हॉस्टेलच्या दुचाकीवाल्यांनाही लागू आहेत. एक, नक्षीची खोली बघा. कायद्याने कारला किमान १.६ मिमी लागते, दुचाकीला ०.८. पण पावसाळ्यात कारला तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. नव्या टायरची आठच्या आसपास असते. दोन, टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवा म्हणून जुना गळ्यात मारून घेऊ नका. तीन, माप बदलताना फक्त व्यास जुळवू नका. भिंत किती उरते आणि भार किती पेलतो तेही बघा. मापापुढचा ८४ आकडा म्हणजे ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जायचं नाही. चार, दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा. मागचं चाक घसरलं तर गाडी फिरते, आणि मग सावरता येत नाही.

मला मॅगव्हीलचा राग नाही. एक्स्प्रेस वेवर फिरणाऱ्याने खुशाल लावावीत. पण १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंची बातमी देशभर गेली, तेव्हा बाबा तरुण होते. रस्ता नसणं म्हणजे काय, दवाखाना लांब असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आईची साडी थांबायची आणि टायर यायचा, त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

पुतणी आता रांगते. तिला स्विफ्टपेक्षा जीप जास्त आवडते, धक्के बसले की खिदळते. आणि या मे महिन्यात राब भाजून झाल्यावर बाबांनी अंगणात जीपची चाकं मांडली, शेजारी दादानेही आपली चार मांडली. बाबांनी एक टायर माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, "बघ रं, इंजिनेर. चालंल का ह्यो पावसाळा?"

मी अंगठ्याने रबर दाबलं, आतल्या भिंतीवरून हात फिरवला, नक्षीत पट्टी घालून मोजली. मग म्हटलं, "बाबा, एकदा तुम्ही बघा."

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी